सायकलीचा लांबचा प्रवास आणि त्याची आखणी

जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या कांठीं, पहूर हें गांव आहे. गांव फार मोठें नाहीं. परंतु तेथें वाटा येऊन मिळतात. एक वाट जळगांवला जाते, एक जामनेरला, एक शेंदुर्णीवरून पाचोऱ्याला, आणि एक फर्दापूरवरून अजिंठ्याचा घाट चढून मराठवाड्यांत उतरते. ज्या गांवांत इतक्या वाटा मिळतात, तेथील तरुणांच्या मनांत दूरच्या प्रवासाची ओढ उत्पन्न व्हावी, हें स्वाभाविक आहे. त्यांतून अलीकडे सायकलीनें लांबचा पल्ला गांठण्याची हौस महाराष्ट्रांत बरीच वाढली आहे. नाशिकसारख्या शहरांतून सायकलस्वारांचे जथे पंढरपूरच्या वारीला जातात. तेव्हां पहूरच्या एखाद्या तरुणानें सायकलीनें पुण्यास जाण्याचा बेत केला, तर त्यांत नवल नाहीं.

बेत चांगला आहे. प्रश्न इतकाच कीं, त्या बेतामागें हिशेब आहे काय? अशा प्रवासांत पायांच्या बळापेक्षां कागदावरची आखणी अधिक उपयोगी पडते, असें म्हटल्यास पुष्कळांना तें पटत नाहीं. यासाठीं एक प्रसिद्ध उदाहरण पाहण्याजोगें आहे.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं तिघे वाटेंत निरनिराळ्या कारणांनीं थांबले. उरलेले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा, हे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले. त्यांनीं कांटलेलें अंतर सुमारें ७१,००० किलोमीटर होतें. हा आंकडा ऐकतांच छाती दडपून जाते. पण शाळेंतील साधा भागाकार केला, तर निराळीच गोष्ट दिसून येते. त्या दोन तारखांच्या दरम्यान सुमारें १,६१६ दिवस होतात. म्हणजे दिवसाची सरासरी पडली अवघी ४४ किलोमीटर. पहूरपासून जळगांव सुमारें ४० किलोमीटर आहे. पहूरहून जळगांवला रोज जाणें जितकें कठीण, त्याहून किंचित् अधिक कठीण काम त्या तिघांनीं केलें. मात्र तें साडेचार वर्षे, वाळवंटांतून आणि डोंगरांतून, न थकतां केलें. त्यांचा मोठेपणा वेगांत नव्हता, नेटानें चालत राहण्यांत होता.

याच्या उलट टोंकाचेंहि उदाहरण आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें २०१८ सालीं सुमारें २९,००० किलोमीटरांची प्रदक्षिणा १५९ दिवसांत पुरी केली. येथें रोजची सरासरी १८० किलोमीटरांच्या वर जाते. हा पराक्रम थोर आहे. परंतु त्यामागें मोठी तयारी लागते. प्रथमच घराबाहेर पडणाऱ्यानें १८० चा आंकडा डोळ्यांसमोर न ठेवतां ४४ चा ठेवावा, आणि रस्ते आतां चांगले आहेत म्हणून फार तर ६० पर्यंत जावें.

या मापानें पहूर ते पुणें हा सुमारें ३५० किलोमीटरांचा मार्ग मांडून पाहिला, तर त्याचे सहा टप्पे सहज पडतात. पहिल्या दिवशीं वाकोद, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट या मार्गानें सिल्लोड. दुसऱ्या दिवशीं फुलंब्रीवरून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद. तिसऱ्या दिवशीं कायगांव टोक्याजवळ गोदावरी ओलांडून नेवासें. चौथ्या दिवशीं अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर. पांचव्या दिवशीं शिरूर आणि सहाव्या दिवशीं पुणें. प्रत्येक टप्पा पन्नास ते सत्तर किलोमीटरांच्या आंत येतो. वारकऱ्यांच्या दिंडींत कोणत्या दिवशीं कोठें मुक्काम, हें आधींच ठरलेलें असतें, आणि म्हणूनच म्हातारेकोतारेहि शेंकडों किलोमीटर चालून जातात. सायकलस्वारानें हीच रीत उचलावी.

आतां एका दिवसाचा हिशेब पाहूं गेल्यास तो असा होतो. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर ताशीं १५ किलोमीटर वेगानें चालते, असें धरावें. साठ किलोमीटरांस चार तास लागले. दर तासास थोडी विश्रांति, एक जेवण, एखादें पंक्चर आणि घाटांतील मंद चाल मिळून आणखी तीन तास धरावेत. सकाळीं सातला निघालेला प्रवासी दुपारीं दोनला मुक्कामीं पोंचतो. डिसेंबरांत खानदेशांत उजेड सुमारें अकरा तास असतो. म्हणजे सूर्यास्तापूर्वीं चार तास हातीं शिल्लक राहतात. हे चार तास फुकट गेले असें कोणीं समजूं नये. साखळी तुटली, वाट चुकली, सोबत्याचें पोट बिघडलें, तर हेच तास कामास येतात. ज्या आखणींत असा राखीव वेळ नाहीं, ती पहिल्याच अडचणींत मोडते आणि प्रवाशास रात्रीं रस्त्यावर आणते.

रात्रीचा रस्ता टाळण्यास आणखी एक कारण आहे. नेवासें आणि अहिल्यानगर हा उंसाचा मुलूख आहे. हिवाळ्यांत साखर कारखाने चालूं असतात, आणि दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर व उंसाच्या बैलगाड्या रस्त्यानें संथपणें जात असतात. कित्येकांच्या मागें दिवा नसतो, आणि उंसाचे शेंडे दोहों बाजूंस बाहेर आलेले असतात. दिवसां त्यांच्यापासून दूर राहतां येतें. अंधारांत त्या जवळ आल्याखेरीज दिसत नाहींत. सायकलीस मागें तांबडा व पुढें पांढरा दिवा, अंगावर चमकणारी पट्टी आणि डोक्यास शिरस्त्राण, इतकें तर दिवसाच्या प्रवासांतहि असावें.

अंतराइतकेंच महत्त्व चढाला आहे. जळगांवची समुद्रसपाटीपासून उंची सुमारें २०९ मीटर, तर छत्रपती संभाजीनगरची सुमारें ५६८ मीटर. या फरकाचा मोठा भाग अजिंठ्याच्या घाटांत एकदम चढावा लागतो. नकाशावर घाट दोन बोटांइतका दिसतो. परंतु पाय तो विसरत नाहींत. म्हणून घाट सकाळच्या गारव्यांत, अंगांत ताकद असतांना यावा, अशा बेतानें पहांटेंच तयार होऊन पहूर सोडावें. सायकल हातीं धरून चालण्यांत कमीपणा नाहीं. तसेंच चढावर सामानाचा प्रत्येक किलो जाणवतो. एकंदर सामान आठ दहा किलोंच्या आंत ठेवावें, तें पाठीवर न घेतां मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस सारख्या वजनानें व खालच्या अंगास बांधावें. वाटेंतील अजिंठ्याचीं लेणीं पाहण्याची इच्छा असल्यास सोमवार टाळावा, कारण त्या दिवशीं लेणीं बंद असतात. आणि त्यासाठीं फर्दापुरास एक जादा मुक्काम धरावा. घाट आणि लेणीं एकाच दिवशीं उरकण्याच्या भरांत दोहोंचाहि आनंद जातो.

यानंतर ऋतूचा विचार येतो, आणि या विचारांत चूक झाली तर ती प्राणावर बेतते. विद्यार्थ्यांना मोठी सुटी मे महिन्यांत असते. साहजिकच पुष्कळ बेत मे महिन्याचे होतात. परंतु खानदेशांत त्याच महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हांत डांबरी रस्त्यावर सायकल हांकणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. दिवाळीची सुटी हाच या प्रवासाचा खरा मुहूर्त होय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने थंड आणि कोरडे असतात. पावसाळ्यांत वारा बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतो, आणि पुण्याची दिशा नेमकी नैर्ऋत्येचीच आहे. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. समोरून वारा असतां तोच विरोध स्वस्थ चालणाऱ्यासहि सोसावा लागतो. शिवाय खानदेशच्या काळ्या मातीच्या आडवाटा पावसांत अशा चिकट होतात कीं, चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें बसून चाक फिरेनासें होतें.

हिवाळ्यांतहि दुपारचें ऊन असतेंच. सायकल चालवितांना तासास अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतें, ऊन असल्यास त्याहून अधिक. यासाठीं दोन लिटर पाणी सोबत असावें, आणि पुढील पाणी कोणत्या गांवीं मिळेल हें आखणींत लिहिलेलें असावें. विशेषतः घाट चढण्यापूर्वीं फर्दापुरास भांडीं भरून घ्यावींत. घामाबरोबर मीठहि जातें, म्हणून नुसतें पाणी पुरत नाहीं. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हें घरगुती पेय सर्वांस ठाऊक असावें. सोबती असंबद्ध बोलूं लागला, त्याचा तोल जाऊं लागला, अंग तापलें, तर घाम येत असो वा नसो, तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडांत पाणी घालूं नये.

सायकलीची निगा हा विषय मोठा असला तरी त्याचें सार थोडें आहे. या भागांत रस्त्याच्या कडेस बाभळी पुष्कळ आहेत, आणि त्यांचे कांटे हेच पंक्चरचें मुख्य कारण. म्हणून दोन जादा ट्यूबा, पंक्चर काढण्याचें साहित्य, हातपंप, टायर काढण्याच्या पट्ट्या, लागणारे पाने, ब्रेकची एक तार आणि साखळीस घालण्याचें थोडें तेल बरोबर असावें. हें सामान नेणें पुरेसें नाहीं. निघण्यापूर्वीं घरीं दोनदां चाक खोलून पंक्चर काढून पाहिलेलें असावें. नवें टायर किंवा नवी बैठक घेऊन एकदम लांब जाऊं नये. आधीं पहूर ते जळगांव आणि परत असा एक दिवस सर्व सामान लादून प्रवास करावा. जें दुखावयाचें, सुटावयाचें किंवा मोडावयाचें, तें बहुतेक त्याच दिवशीं कळतें.

एवढी तयारी करणारेहि एक गोष्ट बहुधा विसरतात, आणि ती म्हणजे माघार. प्रत्येक टप्प्याच्या आखणींत मुक्काम, पाणी आणि चढ यांबरोबर चौथा रकाना असावा : येथून परतावें लागल्यास कसें परतावें? पूर्वीं पहूरला याचें एक सोपें उत्तर होतें. पाचोरा ते जामनेर ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी पहूरवरून जात असे. तिनें पाचोऱ्यास गेलें कीं मुंबई-भुसावळचा मोठा लोहमार्ग मिळे. ती छोटी गाडी २०२० सालीं बंद पडली. तेव्हां पहिल्या दिवशीं बिघाड झाल्यास जळगांव किंवा पाचोरा स्थानक रस्त्यानेंच गांठावें लागतें. पुढें छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या ठिकाणीं रेल्वे आहे, आणि तेथें पार्सल कचेरींत नोंद करून सायकल गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून पाठवितां येते. सिल्लोड आणि नेवासें येथें रेल्वे नाहीं. तेथें मालाच्या टेंपोचाच आधार. त्यासाठीं थोडे पैसे वेगळे बांधून ठेवावेत आणि त्यांस प्रवासखर्चांत हात लावूं नये.

माघारीची तजवीज म्हणजे भित्रेपणा, असा तरुणांचा समज असतो. परंतु अनुभव उलट आहे. ज्यास परतीची वाट ठाऊक नाहीं, तो तापानें फणफणत असतांहि केवळ लाजेखातर पुढें रेटतो. ज्यास ती ठाऊक आहे, तो वेळेवर थांबतो आणि पुढच्या वर्षीं पुन्हां निघतो. मुंबईच्या त्या सहा जणांपैकीं तिघे मध्येंच थांबले, म्हणून मोहीम बुडाली नाहीं. थांबणारे थांबले, पुढें जाणारे पुढें गेले, आणि प्रदक्षिणा पुरी झाली.

शेवटीं ही सर्व आखणी एका कागदावर उतरवावी. हल्लीं मोबाईलवर नकाशा दिसतो, आणि तो फार उपयोगी आहे. परंतु घाटांत संदेशवहन तुटतें आणि विजेचा सांठा संपतो. म्हणून कागद हवाच, आणि त्याच्या दोन प्रती हव्यात. एक प्रत प्रवाशाच्या खिशांत आणि दुसरी घरीं, आईवडिलांच्या हातीं. मुक्कामीं पोंचल्याची वर्दी रोज कोणत्या वेळीं यावयाची, आणि ती न आल्यास घरच्यांनीं कोणाकडे चौकशी करावयाची, हेंहि त्यावर लिहावें. पुष्कळ घरांत मुलाला किंवा मुलीला अशा प्रवासास परवानगी मिळत नाहीं, आणि तरुण त्याचा दोष वडिलांच्या जुन्या विचारांना देतात. वस्तुतः वडिलांसमोर नुसती हौस मांडलेली असते. तिच्याऐवजीं सहा ओळींचा हा कागद ठेवला, ज्यांत मुक्काम आहे, पाणी आहे, चढ आहे आणि परतीची वाट आहे, तर बहुतेक घरांतून होकार मिळेल. आणि न मिळाला, तरी कोणत्या रकान्यांत उणीव राहिली तें तरी कळेल. ती उणीव भरून काढण्यास दिवाळीपर्यंत अवधि असतो.