सायकलचे मडगार्ड : पत्र्याचे की प्लास्टिकचे?

पावसाळ्याच्या दिवसांत एखादा विद्यार्थी वर्गात येतो आणि त्याच्या पाठीवर, कंबरेपासून मानेपर्यंत, चिखलाची उभी रेघ उमटलेली असते. वर्ग हसतो. आपण शिक्षक मंडळी म्हणतो, “गणवेश असा घालून येतात का?” त्या रेघेचे कारण पुष्कळदा शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असते. त्या पोराच्या सायकलला मागचे मडगार्ड नसते. आजचे बोलणे याच साध्या वस्तूविषयी आहे. मडगार्ड घ्यायचे तर पत्र्याचे घ्यावे की प्लास्टिकचे?

मी राहतो मुंबईला, प्रभादेवीस. शेजारच्या वरळीला एके काळी हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० साली सेन-रॅलेबरोबर त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे तो बंद पडला. त्या जमान्यातल्या उंच, काळ्या सायकली तुम्हांला आठवत असतील. त्यांचे मडगार्ड पोलादी पत्र्याचे, जाड आणि भक्कम. पडले तर पोचा येई. मिस्त्री दोन हातोड्या मारून तो काढून देई. आजही आमच्याकडचा पाववाला, दूधवाला, पेपरवाला सायकलीवरच येतो. पण त्यांच्या सायकली जवळून पाहिल्या, तर पत्र्याच्या मडगार्डाला कडेने भोके पडलेली दिसतात.

ही करणी समुद्राची. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकवतोच. मिठाचे पाणी विद्युतवाहक असल्याने ही क्रिया फार वेगाने चालते. शिवाय खारे कण हवेतली ओल धरून ठेवतात. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा कोरडा राहत नाही. त्यात मुंबईच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस! आणि गंमत अशी, की गंज बाहेरून लागत नाही, आतून लागतो. चाकाने उडवलेली खडी आतला रंग खरवडते, तिथे चिखल साचतो. वरून मडगार्ड चकाकत असते आणि आतून पोखरले जात असते. क्रोमचा मुलामा असला तरी तो पातळ असतो. त्याला बारीकशी भेग पडली की खालचे पोलाद गंजू लागते.

म्हणून मी माझ्या सायकलला प्लास्टिकचे मडगार्ड बसवले. हलके, गंजाची भीती नाही, खडखडाट नाही. मी इतका खूश झालो, की गावी मंगळवेढ्याकडे असलेल्या पुतणीच्या सायकललाही तसेच पाठवले. छान लाल रंगाचे. इथेच माझी चूक झाली.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ते मडगार्ड बोल्टाच्या भोकापाशी चिरले. पोरीने तारेने बांधले, पुन्हा तुटले. पुढे पाऊस लागला आणि पाठीवर रेघ येऊ लागली. ती सायकल घरी ठेवून पायी जाऊ लागली. जायला तास, यायला तास. दिवाळीत मी विचारले, “सायकल का नाही नेत गं?” ती म्हणाली, “काका, सगळी हसतात.” मडगार्ड तुटल्याचे तिने मला कळवलेसुद्धा नव्हते, काकांनी हौसेने दिलेली वस्तू ना!

प्लास्टिक पाण्याला भीत नाही, पण उन्हाला भिते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. मग ते फिके पडते, ठिसूळ होते आणि खड्ड्यांच्या हादऱ्याने जिथे ताण जास्त, तिथे, म्हणजे भोकापाशी, चिरते. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सायकल सावलीत असते. तिची शाळेच्या उघड्या पटांगणावर दिवसभर तापत असे. मी माझ्या वाऱ्याला जपून तिच्यासाठी वस्तू निवडली. तिचे ऊन माझ्या ध्यानातच आले नाही.

गावच्या मिस्त्रींनी मात्र वेळ लावला नाही. “साहेब, हे चिरलं की संपलं. पत्रा असता तर रिबीट मारून दिला असता,” ते म्हणाले आणि भंगारातले एक जुने पत्र्याचे मडगार्ड ठोकून, रंगवून बसवले. मंगळवेढ्याची जमीन काळी, ज्वारीची. तो चिकट चिखल मडगार्डात भरला की चाकच फिरेना होते. म्हणून त्यांनी टायर आणि मडगार्ड यांत चांगले दोन बोटे अंतर सोडले. डांबरी रस्त्याला एक बोट पुरते.

तेव्हा मंडळी, दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्या सायकलचा शत्रू कोण, खारा वारा की ऊन? आणि मोडले तर दुरुस्त कोण करणार?

कोकण किनाऱ्यावर, मुंबईत, प्लास्टिक बरे. पण तेही काळे घ्या. काळ्या रंगासाठी घातलेली काजळी अतिनील किरण स्वतः शोषते आणि प्लास्टिकला वाचवते. घेताना कडा हलकेच वाकवून पाहा. पांढरी रेघ उमटली तर ते ठेवून द्या. बोल्टाखाली रबरी वायसर घाला, म्हणजे हादरा मरतो. आणि मडगार्ड प्लास्टिकचे असले तरी त्याच्या काड्या पोलादी असतात, हे विसरू नका. गंज तिथे लागतोच.

घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात, जिथे सायकल उन्हात उभी राहते आणि मिस्त्रीकडे हातोडी आहे, तिथे पत्रा बरा. मात्र बसवण्यापूर्वी आतल्या बाजूला रेड ऑक्साइडचा हात मारा आणि पावसाळाभर आतला चिखल काढत जा. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण लवकर वाकते. ओळखायचे कसे? लोहचुंबक लावा, पोलादाला चिकटेल, ॲल्युमिनियमला नाही. आणि पुढच्या मडगार्डाचा बोल्ट आठवड्याला एकदा तरी हाताने तपासा. ते सुटून चाकात गेले तर चाक जागीच अडते आणि स्वार तोंडावर पडतो.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. पाठीवर रेघ घेऊन आलेल्या मुलामुलीला बोलण्याआधी एकदा बाहेर जाऊन त्याची सायकल पाहा. शाळेच्या कपाटात थोडे बोल्ट, रबरी वायसर आणि एक पाना असू द्या. मधल्या सुट्टीतली दहा मिनिटे पुरतात. माझी पुतणी आता पुन्हा सायकलने शाळेला जाते. ते जुने मडगार्ड जरा वाजते, पण तिची पाठ स्वच्छ असते.