जपानची भुते आणि राबणारी माणसे



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून आमच्या युनियनमधल्या मंडळींनी आमची भरपूर चेष्टा केली. "अण्णा, मागणीपत्रक सोडून भुतांच्या मागे कधीपासून लागलात?" असे एकाने विचारले. तेव्हा आधी थोडा खुलासा करणे भाग आहे. आम्ही कोणी पंडित नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतले पुस्तकांचे कपाट आणि रद्दीची दुकाने ह्यांनी केले. अशाच एका दुकानात काही वर्षांपूर्वी जपानी चित्रांचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचू लागलो. चाळता चाळता एका चित्रावर नजर खिळली आणि आम्ही मनाशी म्हटले, अरे, हा तर मोर्चा आहे!

ते चित्र उतागावा कुनियोशी ह्या चित्रकाराचे, सन १८४३ मधले. लाकडी ठशांवरून छापलेले तीन कागद शेजारी शेजारी लावले की ते पुरे होते. खालच्या बाजूस राइको नावाचा जुन्या कथांतला शूर सरदार आजारी पडून आहे. त्याच्या रक्षणासाठी नेमलेले वीर जवळच बसले आहेत, पण त्यांच्यापुढे खेळाचा पट मांडलेला आहे. सरदाराच्या पाठीमागे एक प्रचंड कोळी दबा धरून आहे. आणि वरच्या भागात, करड्या काळोखातून, भुतांची झुंबड उसळली आहे. कोणाचे डोके कंदिलाचे, कोणाची मान लांब, कोणाला एकच डोळा. त्यांच्या हातांत निशाणे आहेत.

आता हे १८४३ साल कोणते, ते ध्यानात घ्यावे. जपानात तेव्हा शोगुनची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता होती. मिझुनो तादाकुनी हा त्याचा मुख्य कारभारी. त्याने १८४१ पासून ‘सुधारणा’ सुरू केल्या होत्या. व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे संघ मोडले. नाटकगृहे शहराच्या कडेला हलवली. गोष्टी सांगणाऱ्यांचे बहुतेक अड्डे बंद केले. नटांची आणि गणिकांची चित्रे छापण्यास मनाई केली. पोटासाठी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, आलेल्या खेडुतांना गावी परत जाण्याचे हुकूम सोडले. ह्याविरुद्ध लिहिण्याबोलण्याची सोय नव्हती.

कुनियोशी हा कापड रंगवणाऱ्याचा मुलगा. त्याने चित्रात टीकेचा एक शब्दही लिहिला नाही. चित्र जुन्या कथेचे होते, त्यात गैर काय? परंतु एदोच्या लोकांनी ते आपल्या परीने वाचले. एका वीराच्या अंगरख्यावर त्यांना मिझुनोचे कुलचिन्ह दिसले. मग आजारी सरदार म्हणजे खुद्द शोगुन, आणि वरची भुते म्हणजे सुधारणांनी ज्यांची पोटे मारली ते लोक, असा अर्थ लागला. भुतांच्या निशाणांवरून ‘हा अमक्या धंद्यातला, तो तमक्या धंद्यातला’ असे ओळखण्याचा लोकांना छंद लागला. प्रकाशक घाबरला. त्याने चित्रे परत मागवली आणि ठसे नष्ट केले. तरी चोरून छापलेल्या नकला फिरत राहिल्या. त्याच वर्षी मिझुनोचे पद गेले. ते चित्रामुळे गेले असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्याला शत्रू पुष्कळ होते. पण ज्यांना अर्ज करता येत नव्हता, त्यांनी भुतांच्या सहीने अर्ज केला, एवढे मात्र खरे.

ह्या चित्राने आम्हांला त्या मुलखाच्या भुतांची गोडी लावली. जपानी लोक त्यांना ‘योकाई’ म्हणतात. आपला ‘भूत’ हा शब्द त्याला अपुरा पडतो. त्यात मेलेल्या माणसाचा आत्मा येतो तसा नदीतला खोडकर प्राणी येतो, डोंगरातला लांब नाकाचा तेंगू येतो, रूप पालटणारा कोल्हा येतो आणि घरातली जुनी छत्रीसुद्धा येते. तोरियामा सेकिएन ह्या चित्रकाराने १७७६ पासून ह्या साऱ्या मंडळींची चित्रमय पुस्तके काढली. पानावर एक भूत, त्याचे नाव आणि थोडी माहिती. जणू हजेरीपटच! पुढच्या चित्रकारांनी त्याच्या पुस्तकांवरून पुष्कळ उचलले.

सगळीच भुते गाऱ्हाणे घेऊन येतात असे मात्र नाही. कप्पा घ्या. हा पाण्यातला प्राणी, मुलाएवढा, डोक्यावर खळगा आणि त्यात पाणी. ते पाणी सांडले की त्याची शक्ती जाते. जपानी लोक वाकून नमस्कार करतात. कप्पाही रीतीचा पक्का, म्हणून त्याला नमस्कार करावा, तो उलट वाकतो आणि पाणी सांडते. ही कथा मुलांनी खोल पाण्यात जाऊ नये म्हणून, आणि थोडी हसण्यासाठीही. परंतु त्याच्या जन्माची एक कथा काही भागांत सांगतात, ती निराळी आहे. एका सुताराकडे मोठे काम आले. माणसे पुरेनात. त्याने बाहुल्या केल्या, त्यांत मंत्राने जीव घातला आणि त्यांच्याकडून काम उरकून घेतले. काम संपताच त्यांना नदीत फेकून दिले. त्यांचे कप्पा झाले. ही कथा वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

ह्याहून स्पष्ट कथा आहे ती ‘त्सुकुमोगामी’ची. मुरोमाची काळातल्या, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या, चित्रपटांच्या गुंडाळ्यांत ती रंगवलेली आहे. समज असा की, घरातल्या वस्तूला शंभर वर्षे झाली की तिच्यात जीव येतो आणि ती माणसाला त्रास देते. मग लोक काय करीत? शंभर भरण्याच्या आत, वर्षअखेरीच्या साफसफाईत, जुन्या वस्तू रस्त्यावर फेकीत. ‘त्सुकुमो’ ह्या शब्दात नव्याण्णवाचा भाव आहे, शंभराला एक कमी. येथे आम्हांला आमचे कारखाने आठवल्यावाचून राहिले नाहीत. २४० दिवस भरले तर माणसाचा हक्क उभा राहील, म्हणून त्याआधी ‘ब्रेक’ देऊन घरी बसवलेली माणसे आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहेत. जपानी भांड्यांना नव्याण्णवाव्या वर्षी ब्रेक मिळाला!

फेकलेल्या वस्तू एकत्र जमतात. त्यांची सभा भरते. तक्रार अशी की, आम्ही इतकी वर्षे ह्या घरांची चाकरी केली, त्याचे बक्षीस म्हणून आम्हांला गुराघोड्यांच्या पायांखाली टाकले. आता सूड घ्यावा. सभेत एक जपमाळ असते. ती म्हणते, सूड नको, क्षमा करा. तिला मार खावा लागतो. सभेत समजुतीची भाषा बोलणाऱ्याची ही अवस्था आम्ही स्वतः अनुभवली आहे. पुढे त्या वस्तू खरोखरच राक्षस होतात, माणसे आणि गुरे मारतात, मेजवान्या झोडतात. शेवटी बौद्ध मंत्रांच्या बळापुढे त्या हरतात, पश्चात्ताप पावतात आणि त्याच मार खाल्लेल्या जपमाळेला गुरू करून निर्वाणाला जातात. ही कथा एका बौद्ध पंथाच्या थोरवीसाठी रचलेली आहे, तेव्हा शेवट असा होणारच. पण एक गोष्ट पाहा. वस्तूंना धर्म मिळाला, मोक्ष मिळाला. मात्र ज्यांनी त्यांना फेकले त्या घरमालकांना कोणी जाब विचारला नाही. पुढल्या वर्षीची साफसफाई तशीच झाली असणार.

भुतांची चित्रे काढणाऱ्यांना ही अडचण कळत होती, असे १८५५ सालची चित्रे पाहून वाटते. त्या वर्षी एदोला मोठा भूकंप झाला. हजारो माणसे मेली. जमिनीखाली एक प्रचंड नामाझु, म्हणजे मिशाळ मासा, आहे आणि तो हलला की भूकंप होतो, अशी समजूत. लागलीच त्या माशाची विनापरवाना चित्रे बाजारात आली, दोनशेहून अधिक प्रकारची. काहींत घरदार गेलेले लोक माशाला बडवीत आहेत, आणि सुतार, गवंडी, छपरे घालणारे धावत येऊन त्याला सोडवीत आहेत, कारण पडझडीमुळे त्यांना काम मिळाले, मजुरी वाढली. काहींत मासा धनिकांकडून सोन्याची नाणी ओकवून घेतो आणि खाली गरीब लोक ती गोळा करतात. महिना दोन महिन्यांत सरकारने ही चित्रे बंद पाडली. चित्रकारांनी येथे कामगारालाही सोडलेले नाही, हे आम्हांला विशेष वाटते. एकाच्या घरावर पडलेल्या आपत्तीत दुसऱ्याची चूल पेटते, हे कडू सत्य त्यांनी लपवले नाही.

कोणी म्हणेल, अण्णा, तुम्ही भुते मानू लागलात की काय? मुळीच नाही. जपानातही इनोउए एन्र्यो (१८५८–१९१९) ह्या तत्त्वज्ञाने गावोगावच्या भुतांची चौकशी करून त्यांमागची कारणे लोकांना समजावली. ते काम चांगलेच होते. भुताच्या नावावर लुबाडणारे सर्व देशांत आहेत. परंतु ‘भूत नाही’ एवढे सिद्ध केल्याने ते कोणी आणि का पाहिले, हा प्रश्न संपत नाही.

मिझुकी शिगेरू ह्या चित्रकथाकाराने तो प्रश्न सोडला नाही. त्याचा जन्म १९२२ चा. लहानपणी साकाइमिनातो गावी घरकामाला मदत करणारी एक म्हातारी त्याला भुतांच्या गोष्टी सांगे. पुढे युद्धात सैन्यात भरती होऊन तो न्यू ब्रिटन बेटावर गेला आणि १९४४ साली हवाई हल्ल्यात त्याचा डावा हात गेला. एका हाताने त्याने गरिबीत चित्रे काढली आणि किटारो नावाच्या भुताच्या पोराला जपानभर लाडके केले. त्याच हाताने त्याने १९७३ साली, मरेपर्यंत लढण्याचा हुकूम मिळालेल्या सैनिकांची चित्रकथा काढली. त्याची भुते खोडकर, भुकेली, कधी दयाळू आहेत. त्या युद्धकथेतला हुकूम मात्र वाचताना अंगावर काटा येतो. तो २०१५ साली वारला. साकाइमिनातोत एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या भुतांचे कांस्याचे पुतळे उभे आहेत.

आणि २०२० सालच्या साथीत जपानी लोकांना कोण आठवले? अमाबिए. चोच आणि खवले असलेले हे समुद्रातले योकाई १८४६ सालच्या एका छापील पत्रकात येते. सहा वर्षे पीक चांगले येईल, पण रोगही पसरेल, तेव्हा माझे चित्र काढून लोकांना दाखवा, असे ते सांगते. घरी कोंडलेल्या हजारो लोकांनी ते चित्र काढले. जपानच्या आरोग्य, कामगार व कल्याण खात्यानेही ते आपल्या आवाहनावर छापले. कामगार खाते आणि भूत एकाच कागदावर पाहून आम्हांला हसू आले. पण त्या चित्राने रोग हटला नसला तरी एकटे पडलेले लोक एकमेकांशी बोलू लागले, हेही काही थोडे नाही.

शेवटी ओकिकूची कथा सांगून आम्ही बसतो. ती मोलकरीण. धन्याच्या घरी दहा मौल्यवान ताटल्या होत्या, त्या सांभाळण्याचे काम तिचे. एक ताटली नाहीशी झाली. कोणी म्हणतात तिच्या हातून फुटली. कोणी म्हणतात ती धन्याला वश होईना म्हणून त्यानेच लपवली. तिला मारून विहिरीत टाकले. तेव्हापासून रात्री विहिरीतून मोजण्याचा आवाज येतो. एक, दोन, तीन... नऊपर्यंत, आणि मग किंकाळी. १७४१ साली ही कथा बाहुल्यांच्या रंगभूमीवर आली. हिमेजीच्या किल्ल्यात तिची म्हणून विहीर दाखवतात. होकुसाईने १८३१ च्या सुमारास तिचे चित्र काढले. त्यात विहिरीतून वर येणारी तिची मान एकावर एक रचलेल्या ताटल्यांची आहे. मालकाच्या वस्तूंचा हिशेब त्या बाईचे शरीरच होऊन बसला आहे. ज्याच्या माथी हत्यार हरवल्याचा खोटा आळ आला, आणि सुटल्यावरही जो झोपेत हत्यारे मोजीत असे, असा माणूस आम्ही जवळून पाहिला आहे. म्हणून त्या चित्रापुढे आम्हांला भीती वाटत नाही, लाज वाटते.

ह्या कथेचा एक शेवट असा सांगतात. ओकिकू नऊ म्हणते, आणि किंकाळी फोडण्याच्या आत विहिरीच्या काठावर उभा असलेला कोणी मोठ्याने ओरडतो, "दहा!" काही ठिकाणी तो साधू असतो, काही ठिकाणी शेजारी. हिशेब पुरा होतो आणि ती शांत होते. आमच्या मते त्या देशाच्या सगळ्या भूतकथांत ही जागा मोठी आहे. एवढ्या वर्षांत लोक तिचे मोजणे ऐकून पळाले. कोणीतरी थांबले, नीट ऐकले आणि जो आकडा तिला म्हणता येत नव्हता तो तिच्यासाठी म्हटला. मात्र ती जिवंत असताना हे कोणी केले असते तर भूत झालेच नसते. युनियनचे काम काय, असे आम्हांला तरुण मुले विचारतात. आता आम्ही त्यांना ओकिकूची गोष्ट सांगतो.