'डेअर' मधील उत्तम गीत कोणतें?

दहा गाण्यांची एक तबकडी मध्यें ठेवून चार रसिक भोंवतीं बसले, कीं तिच्यांतील उत्तम गाणें कोणतें हा प्रश्न निघावयाचाच. आणि एकदां निघाला म्हणजे चहा थंड होईपर्यंत तो मिटावयाचा नाहीं. आपल्याकडे 'सौभद्रां'तील पदांविषयीं असे वाद आजोबांनीं केले, वडिलांनीं केले आणि आपणही केले. आज जो वाद मी आपणांपुढें ठेवणार आहें तो मात्र इंग्लंडांतील शेफील्ड शहराच्या एका तबकडीविषयींचा आहे. तबकडीचें नांव 'डेअर', म्हणजे धाडस. ती काढणाऱ्या मंडळीचें नांव 'द ह्यूमन लीग'. आणि ती बाहेर पडली १९८१ च्या ऑक्टोबर महिन्यांत. सिंथेसायझर नांवाच्या विद्युत्-वाद्यावर उभारलेल्या ज्या गायनास 'सिंथ-पॉप' म्हणतात, त्यांतील ती एक मान्य कृति समजली जाते. चाळीस वर्षें उलटून गेलीं तरी तिचे भोक्ते अजून तट पाडून भांडत असतात, आणि हें भांडण मला पोरकट वाटत नाहीं. कारण त्याच्या मुळाशीं एक जुनाच प्रश्न आहे: कृतीची योग्यता कर्त्यानें ठरवावयाची, जाणत्यांनीं, कीं बाजारानें?

वाद समजण्यास थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. शेफील्ड हें पोलादाचें गांव, सुऱ्या-कात्र्यांकरितां जगभर प्रसिद्ध. १९७७ सालीं तेथें मार्टिन वेअर व इयन क्रेग मार्श या दोन तरुणांनीं ही मंडळी उभारली. दोघेही संगणक चालविण्याची नोकरी करीत. आणि गावयास घेतलेले फिलिप ओकी हे एका रुग्णालयांत हमालाचें काम करीत. दोन तबकड्या निघाल्या, थोडें नांव झालें, पैसा मात्र झाला नाहीं. १९८० च्या ऑक्टोबरांत फूट पडली. ज्यांना वाद्यें हाताळतां येत होतीं ते दोघे बाहेर पडले व त्यांनीं 'हेवन सेव्हन्टीन' नांवाची नवी मंडळी काढली. मागें राहिले गाणारे ओकी आणि प्रयोगाच्या वेळीं पडद्यावर चित्रें दाखविणारे एड्रियन राइट. मंडळीचें नांव या दोघांकडे राहिलें, आणि त्याबरोबर कर्जही. त्यांतून युरोपचा दौरा आधींच ठरलेला. तेव्हां ओकी यांनीं शेफील्डच्या एका नृत्यगृहांत नाचत असलेल्या सुझन सली व जोअन कॅथरॉल या दोन शाळकरी मुलींना विचारलें. एक सतरा वर्षांची, दुसरी अठरा. रंगमंचाचा अनुभव शून्य. आईबापांची समजूत घालावी लागली. शाळेनें मात्र, युरोपांतील शहरें पाहणें शिक्षणास उपकारकच आहे, असें म्हणून रजा दिली. मीं छत्तीस वर्षें शाळेंत काढलीं. असली रजा देणारा मुख्याध्यापक माझ्या पाहण्यांत आला नाहीं, आणि आला असता तर मला त्याचें कौतुकच वाटलें असतें. पुढें इयन बर्डन आले, 'रेझिलोज' नांवाच्या मोडलेल्या मंडळींतील गिटारवादक जो कॅलिस आले, आणि निर्माते म्हणून मार्टिन रशेंट यांची गांठ पडली. बाहेर पडलेले लोक गुणी व राहिलेले लोक नुसते शोभेचे, असें म्हणणाऱ्यांचीं तोंडें एका वर्षांत बंद झालीं.

रशेंट यांचें ध्वनिमुद्रणगृह बर्कशायर परगण्यांत होतें. त्यांत दोन यंत्रें महत्त्वाचीं. एक रॉजर लिन यांचें १९८० सालीं निघालेलें ढोलयंत्र. खऱ्या ढोलांचे आघात अंकरूपानें सांठवून ठेवावयाचे व बटन दाबतांच हवे तसे काढून द्यावयाचे, हें त्याचें काम. दुसरें एक गणकयंत्र होतें. त्यांत प्रत्येक स्वर किती उंचीचा व किती वेळ टिकावयाचा तें आंकड्यांनीं भरावें लागे. म्हणजे स्वर वाजवावयाचा नाहीं, तर जमाखर्चाप्रमाणें लिहावयाचा! आंकड्यांत चूक झाली तर ती शोधीत बसावयाचें. हे लोक आळशी होते, यंत्रानें त्यांना आयतें दिलें, असें जे म्हणतात त्यांनीं असा एक तास तरी बसून पाहावा. तरी भय होतेंच. १९८२ सालीं तेथील वादकसंघाच्या लंडनमधील एका शाखेनें सिंथेसायझर व ढोलयंत्रें यांवर बंदी घालावी असा ठरावही केला. बंदी आली नाहीं. परंतु ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांचें तें भय खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं.

आतां गाणीं. दहांपैकीं कांहींना स्पर्धेतून आधींच वगळतों. 'गेट कार्टर' ही १९७१ च्या एका चित्रपटांतील रॉय बड यांची धुन. एका लहानशा कॅसियो वाद्यावर मिनिटभरांत आटोपलेली. 'आय ॲम द लॉ' हें चित्रकथेंतील जज्ज ड्रेड नांवाच्या एका कठोर न्यायाधीश-शिपायावरून सुचलेलें. 'डार्कनेस' व 'डू ऑर डाय' यांना कोणी पहिला क्रमांक दिल्याचें मीं ऐकलें नाहीं. 'ओपन युअर हार्ट' ची चाल गोड आहे, इतकेंच. आरंभींचें 'द थिंग्ज दॅट ड्रीम्स आर मेड ऑफ' मात्र फार निर्मळ. त्यांत प्रवास, मित्र, खाद्यपदार्थ अशा साध्या सुखांची नुसती यादी आहे. आणि यादीचें गाणें होऊं शकतें हें पाहून व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला आनंद होतो. त्याचा पक्ष धरणारे लोक थोडे, पण एकनिष्ठ. 'द साउंड ऑफ द क्राउड' चा पक्ष इतिहासाचा आहे: नव्या मंडळीचें व रशेंट यांचें हें पहिलें संयुक्त काम, आणि त्यानेंच पुढचा मार्ग दाखविला. इतिहासाबद्दल मान द्यावा, गुण देऊं नयेत. 'लव्ह ॲक्शन' चा पक्ष याहून पुष्कळ बलवान. गाण्याच्या मध्येंच ओकी स्वतःचें नांव सांगून बोलूं लागतात, आणि यंत्रांच्या त्या गर्दींत एकदम एक माणूस आपल्याजवळ येऊन बसल्यासारखें वाटतें.

परंतु खरी झुंज आहे ती शेवटच्या गाण्याची, 'डोन्ट यू वॉन्ट मी' ची. हें गाणें १९८१ च्या नोव्हेंबरांत स्वतंत्र निघालें, नाताळांत इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें, पांच आठवडे तेथें राहिलें, आणि पुढच्या वर्षीं जुलैंत अमेरिकेंतही पहिलें आलें. २०१४ सालीं स्कॉटलंडांत अबर्डीनच्या फुटबॉल संघानें लीग चषक जिंकला, तेव्हां त्याच्या पाठीराख्यांनीं शब्द बदलून हेंच गाणें मैदानांत म्हटलें, आणि तें पुन्हा पहिल्या विसांत आलें. आणि गंमत अशी कीं, हें गाणें स्वतः ओकी यांना मुळींच पसंत नव्हतें. त्यांनीं तें तबकडीच्या शेवटीं ठेवविलें. स्वतंत्र काढण्यास विरोध केला. व्हर्जिन कंपनीचे सायमन ड्रेपर यांनीं आग्रह धरला म्हणून तें निघालें. बाजारपक्षाचे लोक म्हणतात, "पाहा, कर्त्याला आपलें उत्तम कळलें नाहीं." जाणता पक्ष म्हणतो, "कर्त्यालाच कळलें होतें. बिघडविलें तें विकणाऱ्यांनीं."

मी म्हणतों, आधीं गाण्यांत काय आहे तें पाहावें. एक पुरुष व एक स्त्री. पुरुष म्हणतो, तूं पेयगृहांत वाढण्याचें काम करीत होतीस. मीं तुला उचललें, मीं तुला घडविलें. आतां तूं मोठी झालीस आणि मला टाकतेस? त्याचा सूर आर्जवाकडून धमकीकडे जातो. दुसरें कडवें स्त्रीचें, सुझन सली यांच्या आवाजांत. ती शांतपणें सांगते कीं, काम मी करीत होतें हें खरें, पण पुढें जाणार हें मला तेव्हांही ठाऊक होतें. तूं असतास वा नसतास. बस्स, इतकेंच. ना अश्रु, ना उपदेश. तिचा आवाज कसलेला नाहीं, साधा आहे, शेजारच्या घरांतून ऐकूं यावा तसा. म्हणूनच तिचें खरें वाटतें. ही कथा ओकी व त्या मुलींची असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. एका मासिकांतील हकीकत व 'ए स्टार इज बॉर्न' हा चित्रपट यांवरून ती सुचली. लोक हें प्रेमगीत म्हणून लग्नसमारंभांत लावतात. ओकी यांनींच तें प्रेमगीत नव्हे, सत्तेच्या खेळाचें गाणें आहे, असें सांगितलेलें आहे.

श्रोते हो, हा 'मीं घडविलें' म्हणणारा मनुष्य आम्हां शिक्षकांच्या फार ओळखीचा. आमच्या धंद्यांत प्रत्येक गांवीं तो एक तरी असतो. कोणी विद्यार्थी अधिकारी झाला, डॉक्टर झाला, कीं हा बाकावर बसून सांगतो, याला मीं घडविला. विद्यार्थ्याला कधीं विचारलें, तर तो बहुधा त्या मुलीसारखेंच उत्तर देईल. फरक इतकाच कीं, पाया पडल्यावर देईल. दोन कडव्यांत हें नातें इतक्या निःपक्षपातानें मांडणारें गाणें मला दुसरें ठाऊक नाहीं. तें सर्वांना पाठ आहे म्हणून त्याचे गुण कापणारे जे जाणते, त्यांच्याशीं माझें जमत नाहीं. सोपा प्रश्न सर्वांनीं सोडविला म्हणून उत्तर चूक ठरत नसतें.

तर मग माझें मत त्यालाच का नाहीं? तें सांगतों. या तबकडीवर शेवटून तिसरें एक गाणें आहे, 'सेकंड्स'. तें १९६३ च्या २२ नोव्हेंबरला डल्लास शहरीं झालेल्या अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाविषयीं आहे, पण केनेडी यांचें नांव त्यांत कोठेंही येत नाहीं. गाणें मारणाऱ्याला उद्देशून आहे. त्याचा सारा विचार हिशेबाचा: मारणाऱ्याचे खर्च झाले चार क्षण, मरणाऱ्याचें गेलें आयुष्य. हा हिशेब ओकी जवळजवळ एकाच सुरांत, जबानी लिहून घेणाऱ्या कारकुनासारखा वाचतात. खालीं तें ढोलयंत्र चाललेलें असतें. तें चढत नाहीं, उतरत नाहीं, थकत नाहीं, कोणाची कींव करीत नाहीं. हाडामांसाच्या वादकानें तेथें ढोल धरला असता तर त्याचा हात कोठें तरी थरथरला असता, निदान जोरांत पडला असता. आणि गाण्याला करुण रस आला असता. येथें तो येत नाहीं, म्हणूनच ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा येतो. घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं हें आपण सारेच म्हणतों. येथें तें प्रत्यक्ष ऐकूं येतें.

माझी कसोटी अशी. 'डोन्ट यू वॉन्ट मी' पेटीवर वाजवा, दोन चांगले गळे घ्या. तें उभें राहील. नाटकांतही शोभेल. 'सेकंड्स' पेटीवर वाजवा. मागें कांहीं उरणार नाहीं. ज्या तबकडीचें धाडसच मुळीं यंत्रांचें, तिच्यांतील उत्तम गाणें कोणतें असें विचारल्यास, यंत्र काढून घेतांच जें मरतें तें, असें मी म्हणेन. गीत म्हणून शेवटचें श्रेष्ठ, याबद्दल माझी तक्रार नाहीं. तबकडीचें गाणें म्हणून 'सेकंड्स'.

या कसोटीवर माझ्या पुतण्याचा आक्षेप आहे. तो 'लव्ह ॲक्शन' पक्षाचा. तो म्हणतो, "काका, गाणें उत्तम कां हें ठरवावयास पेटी लागते, तर मग तें गाणें ऐकलें कोणीं?" आणि तो १९८२ सालच्या 'लव्ह अँड डान्सिंग' या दुसऱ्या तबकडीचा दाखला देतो. रशेंट यांनीं 'डेअर' चींच बहुतेक गाणीं घेऊन, ध्वनिफीत हातानें कापून व जोडून, बहुतेक शब्द काढून टाकले व नवी तबकडी बनविली. तींत 'लव्ह ॲक्शन' आहे, 'सेकंड्स' ही आहे. शब्द गेल्यावर कोणतें टिकतें तें ऐका, असें त्याचें आव्हान. मीं ऐकलें. मला 'सेकंड्स' टिकलेलें दिसलें; त्याला 'लव्ह ॲक्शन'. आमचा खटला तेथेंच अडकून पडला आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना सांगण्याजोगी. १९८१ मध्यें 'डोन्ट यू वॉन्ट मी' ची जी लहान तबकडी निघाली, तिच्या पाठीमागच्या बाजूवर 'सेकंड्स' च होतें. लाखो घरांत तीं दोन्हीं एकदमच गेलीं. पुष्कळांनीं दुसरी बाजू कधीं लावलीही नसेल. ज्यांना हा वाद स्वतः तपासावयाचा असेल त्यांनीं 'डेअर' ची दुसरी बाजू आधीं लावावी, मध्यें उठूं नये, आणि 'आय ॲम द लॉ' पासून शेवटपर्यंतचीं चारही गाणीं लागोपाठ ऐकावीं. पत्र पाठवावयाचें असल्यास कारण अवश्य लिहावें. नुसत्या पसंतीवर मी गुण देत नाहीं.