उष्णता, औषध आणि अर्बुद

वैशाखाच्या भर दुपारी रायपूरच्या बूढापाऱ्यात हवेचे उष्णतामान ४३ अंशांवर गेले, तरी तेथील निरोगी माणसाच्या शरीराचे उष्णतामान ३७ अंशांच्या आसपासच राहते. घाम आणि त्वचेतील रक्तप्रवाह बाहेरचा ताप आत साठू देत नाहीत. परंतु तेच ४३ अंश एखाद्या अर्बुदाच्या गाभ्यात तासभर टिकवून धरले आणि त्याच वेळी कर्करोगावरील औषधही दिले, तर काय घडेल?

हा प्रश्न प्रथम उंदरांवरच तपासून पाहावा लागतो. त्यासाठी ज्यांच्या अर्बुदांची नीट ओळख पटली आहे, असे प्राणी हवेत. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या स्तनकर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला, तो अशाच ज्ञानाचा पाया होय.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉर्ज हान आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली दाखविले, की ४२-४३ अंशांची उष्णता आणि अ‍ॅड्रिआमायसिन किंवा ब्लिओमायसिन एकत्र दिल्यास, दोहोंच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेहून अधिक पेशी मरतात. याची कारणे अनेक आहेत. उष्णतेने रक्तप्रवाह वाढून औषध अर्बुदापर्यंत अधिक पोहोचते. औषधाने पेशीतील आनुवंशिक द्रव्याला केलेली इजा तापलेल्या पेशीला सहज दुरुस्त करता येत नाही. शिवाय अर्बुदातील रक्तवाहिन्यांची रचना विस्कळीत असल्याने तेथील उष्णता लवकर वाहून जात नाही.

मात्र क्रम चुकला, की फळ बदलते. पेशी आधी बराच वेळ तापवून मग अ‍ॅड्रिआमायसिन दिले, तर परिणाम उलट कमी होऊ शकतो. तापलेली पेशी संरक्षक प्रथिने बनविते आणि पुढचा ताप काही काळ सोसू लागते. तेव्हा अंशांइतकेच घड्याळही महत्त्वाचे.

उंदराच्या पायावरील अर्बुद गरम पाण्यात बुडविता येते. माणसाच्या पोटातील अर्बुदाचे तसे नाही. तेथे उष्णता नेमकी पोहोचविणे आणि मोजणे, हेच अवघड काम. उंदरांमध्ये यशस्वी ठरलेल्या, उष्णतेने औषध सोडणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म कुप्या यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांवर वापरल्या गेल्या. त्यातून अपेक्षित लाभ झाला नाही, असे २०१३ साली जाहीर झाले. उलट, मृदू ऊतींच्या गंभीर कर्करोगाच्या ३४१ रुग्णांच्या चाचणीत औषधाला स्थानिक उष्णतेची जोड दिल्यावर रोगाची वाढ अधिक काळ रोखली गेली, हे २०१० साली प्रसिद्ध झाले.

म्हणून उंदीर बरा झाला, या वार्तेने हुरळून जाऊ नये आणि तिला क्षुल्लकही लेखू नये. घरच्या शेकाने अर्बुद विरघळत नाही. त्या आशेवर रुग्णाचे मोलाचे दिवस दवडणे घातक ठरते. उंदरावरील प्रयोग वाट दाखवितो. ती वाट माणसापर्यंत पोहोचते की नाही, हे रुग्णांवरील काटेकोर चाचणीच ठरविते.