घरचे दप्तर आणि त्याची दुसरी प्रत
(बिबवेवाडी येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



घरच्या संगणकातील कागदपत्रे व छायाचित्रे कशी जतन करावीत, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीने आम्हांस आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारा जन्म खडू-फळ्यात गेला. यंत्रशास्त्रातील अधिकारी म्हणून आम्ही येथे उभे नाही. तथापि सेवानिवृत्तीनंतर मंडळाच्या वंशावळी संगणकावर उतरविण्याचे काम आमच्याकडे आले व त्या निमित्ताने अनेक घरांतील दप्तरे पाहावयास मिळाली. तेवढ्या बळावर हे धाडस करीत आहोत.

पूर्वी घरचे दप्तर ट्रंकेत असे. खरेदीखते, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, फडक्यात बांधलेले फोटो. वाळवी लागली तरी उरलेला अर्धा कागद वाचता येई. आज ते सारे तळहातावर मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये शिरले आहे आणि या नव्या पेटीचा स्वभाव निराळा आहे. ती बिघडली की बहुधा सारेच एकदम जाते. आतील तबकडी मिनिटास सामान्यतः ५४०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असते. अशा वेळी धक्का लागला तर काय होईल, हे सांगणे न लगे. फिरती तबकडी नसलेल्या नव्या एसएसडी धक्का सोसतात खऱ्या. परंतु वर्षानुवर्षे विजेवाचून कपाटात ठेवल्यास त्यांतील मजकूरही विरू शकतो.

आमच्या परिचयाच्या एका घरी वडिलांनी अखेरच्या वर्षी सांगितलेल्या कुळाच्या आठवणी मुलाने ध्वनिमुद्रित केल्या होत्या. संगणकात जागा पुरेना म्हणून त्याने त्या बाह्य डिस्कवर नेल्या व संगणकातून पुसून टाकल्या. पुढे ती डिस्क मेजावरून पडली. दुरुस्ती करणाऱ्यांनी सहस्रावधी रुपये सांगितले, हमी मात्र दिली नाही. वडिलांचा आवाज गेला तो गेलाच. ‘बॅकअप घेतला होता, तरी गेले’ असे घरातील मंडळी हळहळून म्हणतात. बंधुभगिनींनो, बॅकअप घेतलाच नव्हता. केवळ जागा बदलली होती. एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेविलेली वस्तु एकच राहते. हा भेद ज्यास कळला त्यास आजचा विषय तीन-चतुर्थांश कळला, असे आम्ही समजतो.

दुसरी प्रत केली, पण ती संगणकाशेजारच्याच खणात ठेविली, तर काय होते? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अशा वेळी मूळ कागद माळ्यावर आणि नक्कल खालच्या पेटीत असून काय उपयोग? नक्कल गावी चुलत्यांकडे असेल तरच ती तरावयाची. आपली बिबवेवाडी नदीपासून दूर आहे असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या लोंढ्याने शेजारच्याच अरण्येश्वर-सहकारनगर भागात भिंती पाडल्या, वाहने वाहून नेली, माणसेही दगावली. शिवाय आग आहे, चोरी आहे.

यास्तव जाणती मंडळी तीन-दोन-एक असा नियम सांगतात. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला. एकूण प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. आपल्यासारख्या घरांस संगणकातील मूळ प्रत व दोन बाह्य डिस्क एवढ्याने बरेचसे भागते. एक घरी, दुसरी परगावच्या बहिणीकडे वा भावाकडे. दिवाळीत व उन्हाळ्याच्या सुटीत जाणे-येणे होतेच. त्या वेळी डिस्कची अदलाबदल करावी. मुले ‘क्लाउड’वर ठेवा म्हणतात, तेही ठीक, परंतु फुकट जागा पुरत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, हे अनेकांस ठाऊक असेलच.

डिस्क केवढी घ्यावी, हे प्रत्येक जण विचारतो. प्रथम आपला संग्रह किती, हे संगणकावर पाहावे व त्याच्या दुप्पट जागेची घ्यावी. १९५६ साली आयबीएम कंपनीने जी पहिली डिस्क काढली, तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून सर्वांत मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आजची एक टेराबाइटची डिस्क खिशात बसते आणि ४ मेगाबाइटचे एक याप्रमाणे तीत अडीच लक्ष फोटो राहतात. इतके फोटो काढावेत काय, हा प्रश्न निराळा! एक मोठी घेण्याऐवजी दोन बेताच्या घ्याव्यात, हे मात्र आग्रहाने सांगतो.

काम होताच डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांतील मजकूर कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असा उपद्रव जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. आणखी एक गोष्ट. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा आकसलेला असतो. मूळ फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये असेल त्याच्याकडून केबलने उतरवून घ्यावा.

जातवैधतेच्या कामी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी किती धावपळ होते, हे येथील अनेक पालकांनी अनुभविले आहे. अशा दाखल्यांचे स्कॅन अवश्य ठेवावे. मात्र स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकू नये. मूळ गहाळ झालाच, तर शाळेचे नाव, रजिस्टर नंबर व वर्ष त्या स्कॅनवरून कळते व शाळेतून पुन्हा उतारा मागता येतो. फाइलला ‘स्कॅन १७’ असे नाव न देता व्यक्तीचे नाव, गाव व साल घालावे.

वर्षातून दोनदा डिस्क दुसऱ्याच संगणकास लावून चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात. डिस्कला परवलीचा शब्द घातला असेल, तर तो घरात निदान दोघांस ठाऊक असावा. डिस्कवर चिकटपट्टी लावून शेवटची प्रत केल्याची तारीख लिहावी. ज्यांचे पुण्याबाहेर कोणी नाही, त्यांनी मंडळातीलच दुसऱ्या कुटुंबाशी, शक्यतो दुसऱ्या पेठेतील वा उपनगरातील, डिस्कची अदलाबदल करावी. ज्यांस हे एकट्याने जमणार नाही त्यांनी संगणक व डिस्क घेऊन महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. मंडळाचे दोघे तरुण मदतीस असतात.