रस्ता ओलांडणारे



पत्रादेवीहून म्हापशाकडे येणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजून असलेला १७ नंबर, आता ऐसपैस झाला आहे. पेडण्यात कोणालाही विचारा, तो आधी कौतुकच करील. तोरसे, उगवे, मालपे, धारगळ, महाखाजन, कोलवाळ या वाटेवर एका लादलेल्या ट्रकमागे वीस गाड्या रांगत जायच्या, ते दिवस आठवले की हे कौतुक खोटे वाटत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, पेडण्याचेच नव्हे, सावंतवाडी-दोडामार्गचेही रुग्ण याच वाटेने जातात. रुग्णवाहिकेत नातेवाईकाचा हात धरून बसलेल्या माणसाला रस्ता रुंद का हवा, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा रस्त्याने जाणाऱ्यांची बाजू मांडायला पुष्कळ जण आहेत. मी आज रस्ता ओलांडणाऱ्यांविषयी बोलणार आहे.

वरखंडची एक म्हातारी डोळ्यांसमोर आणा. शुक्रवार, म्हापशाचा बाजार. तांबड्या भाजीच्या जुड्या, चार नारळ, एखादा फणस घेऊन ती सकाळी महामार्गावर येते. म्हापशाकडे जाणारी बस तिच्या बाजूलाच थांबते, त्यामुळे सकाळी काही अडत नाही. अडते ते संध्याकाळी. बस तिला उतरवते पलीकडच्या बाजूला. आता मध्ये दोन मार्गिका, मग दुभाजक, मग पुन्हा दोन मार्गिका. अंडरपास आहे, पण तिथवर जाऊन परत यायचे म्हणजे बाजाराचे ओझे घेऊन नसती पायपीट. मग ती काय करते? आपण सगळे करतो तेच. दुभाजकावरची झाडे जिथे वाळली आहेत, तिथून पाऊल टाकते.

थोडे गणित करू. महामार्गाची एक मार्गिका साडेतीन मीटरची. दोन मार्गिका आणि कडेची डांबरी पट्टी धरली, तर एका बाजूची रुंदी साडेआठ मीटर होते. सावकाश चालणारे माणूस सेकंदाला एक मीटर चालते, म्हणजे अर्धा रस्ता पार करायला साडेआठ सेकंद. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात १९० मीटर अंतर कापते. म्हणजे म्हातारीला पाऊल उचलण्यापूर्वी १९० मीटरवरची गाडी दिसली पाहिजे, आणि चालकाला म्हातारी. जूनच्या पावसात, तिन्हीसांजेला, डोंगराच्या वळणावर? तिथे सकाळच्या उन्हातही एवढे दिसत नाही. जुना रस्ता सात मीटरचा होता आणि गाड्या खड्डे चुकवत यायच्या. तो धोक्याचा होताच. पण तो एका दमात पार व्हायचा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ दर पाचांतला एक. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण दर तीन मृत्यूंमागे एकाहून अधिक मृत्यू त्यांच्यावर झाले. हे आकडे गोव्याचे नाहीत, देशाचे आहेत. पण आपला महामार्ग काही वेगळ्या देशातून जात नाही.

आता मोपाकडे वळू. या भागाच्या रस्त्यांचे दिवस पालटले ते विमानतळामुळे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली. पुढे मोपाच्या सड्यावरच्या, म्हणजे पठारावरच्या, झाडांचा हिशेब पर्यावरण परवान्याच्या अर्जात नीट दिलाच नव्हता, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये काम थांबले, २०२० च्या जानेवारीत पुन्हा वाट मोकळी झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ रोजी पहिले प्रवासी उतरले. पण महामार्गावरच्या सुकेकुळणहून सड्यावर चढणारा सहापदरी जोडरस्ता खुला व्हायला जुलै २०२४ उजाडला. मधले दीड वर्ष विमानाची वेळ गाठणाऱ्या गाड्या आमच्या गावांच्या वळणांवरून सुसाट निघायच्या. आता त्या वरून जातात, गाव खाली राहते. ज्या घरांच्या ओसरीसमोर सकाळी सातला टॅक्सीचा हॉर्न वाजायचा, त्यांना हायसे वाटले. पेडण्यातल्या कितीतरी पोरांनी कर्ज काढून टॅक्सी घेतल्या, हेही खरे. त्यांना रुंद रस्ता म्हणजे हप्ता.

रस्ता माणसेच ओलांडतात असे नाही. गुरे ओलांडतात, आणि पावसाळ्यात पाणी ओलांडते. मालपेचा डोंगर बघा. वर चिऱ्याचा थर, खाली मऊ माती, शेड. वरून पडलेले पाणी चिऱ्यातून झिरपते, मातीपाशी अडते आणि पायथ्याला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्या झऱ्यांवर खालचे मळे पिकत आले. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा याच मऊ मातीतून गेला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये त्यात चिखल-पाणी शिरले आणि गाड्या दुसऱ्या मार्गांनी न्याव्या लागल्या. त्याच पावसाळ्यात मालपेला महामार्गाची संरक्षक भिंतही कोसळली. ठेकेदाराचे काम कसे होते, यावर बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण डोंगर उभा कापला की पाण्याची जुनी वाट तुटते, आणि पाणी नवी वाट शोधते. भिंत कितीही जाड बांधा, मागच्या पाण्याला बाहेर पडायला जागा नसेल तर ते भिंतच ढकलते. आमच्या कुळागरात पाट काढणाऱ्या माणसालाही हे ठाऊक असते.

एवढी किंमत मोजून कोंडी सुटली का? पेडण्यात सुटली. पण ती दक्षिणेला सरकली. पत्रादेवीहून भरधाव आलेली गाडी करासवाड्याला मंदावते, गिरीला रेंगाळते आणि पर्वरीत उभीच राहते. मांडवीवर अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये झाला. जुवारीवर आठ मार्गिकांचा नवा पूल डिसेंबर २०२३ पर्यंत पूर्ण खुला झाला. तरी दोन पुलांच्या मध्ये सकाळ-संध्याकाळ रांग आहेच. गोव्यात नोंदलेली वाहने पंधरा लाखांच्या वर गेली आहेत. माणसेही साधारण तेवढीच. रस्ता रुंद करूनही कोंडी परत येते, हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत ह्यूस्टन शहराने केटी फ्रीवे रुंद केला, काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून २६ मार्गिका झाल्या. काम २००८ मध्ये संपले, आणि थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली मांडले की शहरांतल्या महामार्गांवर मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचे धावणेही वाढते. रस्ता मोकळा दिसला की घरातली दुसरी गाडी बाहेर निघते.

पर्वरीत आता सुमारे पाच किलोमीटरचा उन्नत मार्ग उभा राहतो आहे. त्या कामात २०२५ च्या मार्चमध्ये खाप्रेश्वर या राखणदार देवाचा जुना वड मुळासकट काढून दुसरीकडे नेला. लोक रडले, भांडले, न्यायालयात गेले. राखणदार हलवायचा म्हणजे काय, हे बाहेरच्या अभियंत्याला कळणे कठीण आहे, हे मी समजू शकतो. आपल्या माणसांना तरी कळायला हवे होते.

ओलांडण्यावरून आणखी एक गोष्ट आठवते. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोवामुक्तीचे सत्याग्रही पत्रादेवीला पायी सीमा ओलांडून आले, गोळ्या झेलल्या, म्हणून तिथे स्मारक आहे. आज तिथे पायी रस्ता ओलांडायला जागा शोधावी लागते, हे मला खटकते.

मग मागायचे काय? रुंदीला विरोध करून काही हाती लागणार नाही. मागायचे ते आडव्या वाटा. बसथांबा आणि अंडरपास एकमेकांना लागून हवेत. अंडरपासमध्ये पहिल्या पावसात गुडघाभर पाणी साचता कामा नये, आणि रात्री दिवा हवा. सर्व्हिस रोड गावाच्या एका टोकाला सुरू होऊन मध्येच संपला, तर दुचाकीवाले उलट दिशेने येणारच. त्यांना दंड करून तो प्रश्न मिटत नाही. मोऱ्या जुन्या ओहोळांच्या जागीच हव्यात, आणि ते ओहोळ कुठे आहेत हे मळ्यात राबणाऱ्याला विचारावे, कारण उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला ते दिसत नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत महामार्गाचा विषय निघाला, तर भूसंपादनाच्या दराबरोबर आराखडाही मागा. त्यात अंडरपासची जागा खुणेने दाखवलेली असते. ती खूण आपल्या शाळेसमोर आहे की अर्धा किलोमीटर पुढे, हे काम सुरू होण्यापूर्वीच बघून घ्या. नंतर गेलात तर साइटवरचा माणूस नम्रपणे सांगेल, की आता बदल करायचा झाला तर वरून मंजुरी आणावी लागेल.