फाटक आपलं, रस्ता सगळ्यांचा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



मला सोसायटीच्या वाटचालीवर बोलायला सांगितलं आहे. मी फक्त वाटेवर बोलतो, आपल्या फाटकासमोरच्या.

आपली सोसायटी झाली तेव्हा चंद्रपुरात नगरपालिका होती. महापालिका 2011 मध्ये आली. जागा घेताना आपण सातबारा, पाणी, वीज सगळं पाहिलं. फाटक कुठं काढायचं, ते मात्र गवंड्यावर सोडलं. गाडीचा तळ घासतो म्हणून नालीवर सिमेंटचा उतार टाकला. सचिव मीच होतो. परवानगी घेतली नाही, पाइपही अरुंद टाकला. पहिल्या मोठ्या पावसात नाली तुंबली आणि पाणी समोरच्या घरात शिरलं. तिथल्या काकू एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमची गाडी सुखानं आत गेली, पण पाणी आमच्या चुलीत आलं ना!"

आजही ते आठवलं की मान खाली जाते. तो उतार आपण फोडला, हद्दीच्या आत घेतला आणि नालीवर उचलता येणारी लोखंडी जाळी बसवली.

नंतर मी नियम वाचले. फाटक आतल्या बाजूलाच उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. कोपऱ्यावरच्या जागेची भिंत वळणाजवळ ठेंगणी हवी, म्हणजे येणारी सायकल दिसते. राष्ट्रीय महामार्गाला लागून जागा असली, तरी 2002 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय त्यावर गाडी काढण्याचा हक्क मिळत नाही. आपल्याकडून मूल, गडचिरोलीकडे जाणारा 930 क्रमांकाचा रस्ता असाच महामार्ग आहे.

ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. गोंड राजांनी परकोट बांधला, तेव्हा जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे मोजकेच दरवाजे ठेवले. पायी जाणाऱ्यांसाठी खिडक्या ठेवल्या. जिथं ज्याला वाटलं तिथं भिंत फोडली नाही. गडचिरोलीत जंगलातून गावाला रस्ता हवा असेल, तर वनहक्क कायद्याखाली एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. पण त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे वाट काढायची तर आधी चार माणसांना विचारायचं.

आता आपल्या तरुण सभासदांना मागच्या मोठ्या रस्त्यावर दुसरं फाटक हवं आहे. दोन मिनिटं वाचतील, हे खरं. पण शाळा सुटली की त्याच कडेनं पोरं सायकलवर येतात. माझा विरोध नाही. फक्त तीन गोष्टी करा: आधी महापालिकेची लेखी परवानगी घ्या, नालीचं पाणी मोकळं ठेवा आणि शाळा सुटायच्या वेळी स्वतः तासभर तिथं उभं राहून पाहा. मग सर्वसाधारण सभेत हात वर करा.

पंचवीस वर्षांपूर्वी मी कोणालाच विचारलं नव्हतं. तुम्ही समोरच्या काकूंनाही विचारा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!